वजनं घेण्याआधी जमीन बघा

घरात जिम करायची ठरली की पहिला पैसा डंबेल-बारबेलवर जातो, दुसरा आरशावर, आणि जमिनीची आठवण होते ती पहिली फरशी तडकल्यावर. हा क्रम कुठेही महागच पडतो. धरणगावात तो जास्त महाग पडतो, कारण इथे फरशीखाली काळी माती आहे आणि फरशीवर खानदेशचा उन्हाळा. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा असो की डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेले काका, खोली दहा बाय बाराची असो की खळ्यातलं पत्र्याचं शेड, विचार खालून वर करायचा. आधी माती, मग कोबा किंवा फरशी, मग रबर, आणि वजनं सगळ्यात शेवटी.

तालमीतल्या वस्तादाला हे सांगावं लागत नाही. हौदातली तांबडी माती खणायची, चाळायची, तेल-ताक-हळद घालून मऊ ठेवायची, हा तिथे व्यायामाचाच भाग असतो. जमीन बदलली की खेळही बदलतो. मातीत तयार झालेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. तिथल्या गादीची त्यांना सवय नव्हती. चार वर्षांनी, १९५२ साली हेलसिंकीत, त्याच गादीवर त्यांनी कांस्यपदक मिळवलं. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत आजही माती आणि गादी असे वेगळे विभाग असतात. घरच्या जिमलाही हाच नियम लावा: व्यायाम कोणता करणार, त्यावर जमीन ठरवा. एकाच खोलीत दोन प्रकारची जमीन असली तरी बिघडत नाही, उलट खर्च कमी येतो.

फरशीखालची काळी माती

तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून कापसाला मानवते. घराला मात्र तोच गुण बाधतो. या मातीतलं माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी प्यायलं की फुगतं आणि वाळलं की आकसतं. पावसाळ्यात जमीन वर उचलली जाते, एप्रिल-मेमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतात दिसणारी ही उचल-खचल जोत्याखालीही चालू असते, फक्त ती दिसत नाही. मग मधली फरशी फुगते, भिंतीकडची खचते आणि मध्ये कुठेतरी पोकळी राहते. पोकळीवरच्या फरशीवर कितीही जाड रबर टाकलं तरी वजन आपटल्यावर ती फुटणारच.

खोली नवीनच बांधत असाल तर ही संधी आहे. जोत्यातली काळी माती दोन-तीन फूट काढून मुरूम भरा, पण एकदम ओतू नका. सहा-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुमस, मग पुढचा थर. त्यावर दगडाचं सोलिंग, चार इंच काँक्रीट आणि वर सिमेंटचा कोबा. कोब्याचे चार-चार फुटांचे चौकोन पाडून मध्ये काचपट्टी घाला. भेग पडायचीच झाली तर ती पट्टीवर पडते, मध्यातून जात नाही. किमान सात दिवस पाणी मारा आणि गोणपाट ओलं ठेवा. उन्हाळ्यात काम काढलं असेल तर दहा दिवस. शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर काढा, कारण मेच्या उन्हात कोबा वरून झपाट्याने वाळतो आणि तडकतो. वर रबर येणार आहेच, त्यामुळे जिमच्या खोलीत महागडी टाइल लावण्यात अर्थ नाही. ते पैसे भरावात आणि काँक्रीटमध्ये घाला.

घर जुनं असेल तर निदान पाणी आवरा. न्हाणीचं सांडपाणी, कूलरचं गळकं पाणी, गच्चीच्या पाइपाचा लोट भिंतीच्या बुडाशी मुरत असेल तर खोलीतली फरशी वर्षानुवर्षं हलत राहील. भिंतीला लागून बाहेरच्या बाजूने तीन फूट रुंद, बाहेर उताराची फरसबंदी करून घेतली तर निम्मा त्रास तिथेच संपतो.

आहे त्या फरशीच्या तीन परीक्षा

पहिली परीक्षा आवाजाची. पंखा बंद करा, खोली रिकामी करा आणि लाकडी दांडक्याने किंवा जड नाण्याने प्रत्येक फरशी चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी वाजवून बघा. भरीव फरशीचा आवाज बसका आणि छोटा येतो. पोकळ फरशी डब्यासारखी वाजते. पोकळ वाजली तिथे खडूने फुली मारा. सगळी खोली झाली की त्या फुल्यांचा नकाशाच तयार होतो. दोन-चार फुल्या असतील तर तेवढ्या फरशा उचलून खाली माल भरून पुन्हा बसवा. एका कोपऱ्यात गर्दी असेल तर तिथे वजनं ठेवू नका, सायकल किंवा योगासनांची जागा करा. निम्मी खोली फुल्यांनी भरली तर फरशी काढून कोबा करणंच स्वस्त.

दुसरी परीक्षा ओलीची, आणि ती पावसाळ्यातच करायची. दीड-दीड फुटांचा जाड प्लास्टिकचा तुकडा फरशीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. दुसऱ्या दिवशी उचला. आत थेंब जमले असतील किंवा खालची फरशी काळपट पडली असेल, तर ओल खालून चढते आहे. अशा जागी जमिनीला सपाट चिकटणारं रबर किंवा फोम टाकला की खाली बुरशी धरते आणि कुबट वास सुटतो. तिथे खालच्या बाजूने खाचा असलेली मॅट घ्या आणि दोन-तीन महिन्यांनी उचलून जागा वाळवा.

तिसरी परीक्षा पातळीची. गवंड्याकडची सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी फरशीवर आडवी-उभी ठेवा. खाली पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर ट्रेडमिल डगमगेल आणि बेंच एका पायावर उभा राहील. खोलीला धुण्यासाठी दाराकडे उतार दिलेला असतो, तोही लक्षात ठेवा; बारबेलची मांडणी अशी करा की बार उताराच्या दिशेनेच राहील आणि घरंगळणार नाही.

फरशी कोणती आहे, यावरही बरंच ठरतं. मोरबीची व्हिट्रिफाइड टाइल कठीण असते, पण ठिसूळही. एक लोखंडी प्लेट कडेवर पडली की कपची उडते आणि तिची धार पायाला लागते. शहाबादी आणि कोटा जाड असल्यामुळे मार जास्त सोसतात, मात्र सांध्यांच्या कडा तुटतात. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. रबर अंथरण्याआधी डाग काढायला ॲसिड ओतलं तर दगडच खाल्ला जातो.

किती जाडी हवी

दुकानदार जाडी सांगतो, पण ती कशासाठी लागते ते सांगत नाही. हिशोब सोपा आहे. २० किलोचा डंबेल एक मीटर उंचीवरून पडला आणि कडक फरशीवर एका मिलिमीटरमध्ये थांबला, तर त्या क्षणी फरशीवर सरासरी २०,००० किलो वजनाएवढा जोर येतो. तोच डंबेल रबरात पाच मिलिमीटर दबून थांबला तर जोर ४,००० किलोवर उतरतो. म्हणजे रबराचं काम एकच: थांबण्यासाठी अंतर मिळवून देणं. म्हणून जिथे काही पडणारच नाही तिथे जाड रबर वाया जातं, आणि जिथे पडणार तिथे पातळ रबर कामाचं नाही.

जोर, बैठका, सूर्यनमस्कार आणि योगासनांना पायाला पकड देणारी सहा मिलिमीटरची साधी मॅट पुरते. ट्रेडमिल आणि सायकलखाली सहा ते आठ मिलिमीटरचं कडक रबर हवं. मऊ फोमवर यंत्राचे पाय रुततात, यंत्र तिरकं होतं आणि पट्टा एका बाजूला सरकायला लागतो. डंबेल, केटलबेल आणि बेंचसाठी दहा ते बारा मिलिमीटर. बारबेलने डेडलिफ्ट करणार असाल तर पंधरा ते वीस मिलिमीटर, आणि वरून बार सोडायची सवय असेल तर त्याखाली प्लायवूडची फळीसुद्धा.

बाजारात काय मिळतं

*ईव्हीए फोमचे रंगीत चौकोन.* एकमेकांत दात अडकवून बसणारे हे तुकडे स्वस्त, हलके आणि मुलांना खेळायला छान. वजनाखाली मात्र ते कायमचे दबतात. खांद्यावर बार घेऊन बैठक मारताना तळव्याखाली मऊ फोम असेल तर घोटा डळमळतो, आणि दुखापत तिथेच होते. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात हे चौकोन आकसतात आणि सांधे उघडे पडतात. फक्त आसनांसाठी घ्यायला हरकत नाही.

*रबराच्या टाइल आणि रोल.* जुन्या टायरचा भुगा चिकटवून किंवा दाबून-तापवून हे बनतं, आणि बहुतेक व्यावसायिक जिममध्ये हेच असतं. रोलला सांधे कमी, टाइलला बदलणं सोपं: एक तुकडा खराब झाला तर तेवढाच काढता येतो. घरासाठी टाइल बऱ्या.

*गोठ्यातली रबरी मॅट.* धरणगावसारख्या गावासाठी ही सगळ्यात कामाची वस्तू, आणि ती जिमच्या दुकानात नाही, दूध-डेअरीचं सामान विकणाऱ्याकडे मिळते. गाई-म्हशींच्या खुरांखाली वर्षानुवर्षं टिकावी म्हणूनच ती बनवलेली असते. साधारण साडेसहा बाय चार फूट, जाडी पंधरा ते सतरा मिलिमीटर. खालच्या बाजूला गोमूत्र वाहून जावं म्हणून खाचा असतात. आपल्याकडे त्याच खाचा ओल वाळायला उपयोगी पडतात. दोन मॅट शेजारी-शेजारी टाकल्या की आठ फूट रुंद, साडेसहा फूट खोल जागा तयार होते. सात फुटी ऑलिंपिक बारच्या दोन्हीकडच्या प्लेट प्रत्येकी एका मॅटच्या जवळजवळ मध्यावर टेकतात, सांध्यावर नाही. घेताना एवढंच बघा की वरची नक्षी फार उठावाची नको, नाहीतर धूळ बसते आणि उघड्या पायांना टोचते. याच नावाने ईव्हीएची हलकी मॅटही विकली जाते. ती गाईला चालेल, बारबेलला नाही. रबरी मॅट उचलायला दोन माणसं लागतात, ही तिची खूण.

*प्लास्टिकची चटई.* जळगावच्या एमआयडीसीत चटयांचे कितीतरी कारखाने आहेत, त्यामुळे चटई प्रत्येक घरात असतेच. प्राणायामाला ती उत्तम. पण गुळगुळीत टाइलवर ती सरकते, घामाने आणखी निसरडी होते. दोरीवरच्या उड्या किंवा जोर तिच्यावर काढू नका.

*व्हिनाइल.* दिसायला लाकडासारखं, पुसायला सोपं. वजनाच्या कडेने चिरतं. घरात आधीच व्हिनाइल असेल आणि त्यावर काळं रबर टाकणार असाल तर जपा. रबरातली रसायनं व्हिनाइलमध्ये उतरून पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

दुकानात पारखताना

भाव नेहमी वर्गफुटाचा विचारा आणि त्याला मिलिमीटरच्या जाडीने भागा, म्हणजे दोन दुकानांची खरी तुलना होते. मग वजन करा. दहा मिलिमीटर जाडीचं चांगलं भरीव रबर वर्गफुटाला साधारण एक किलो भरतं. त्याच जाडीचा तुकडा पाव-अर्धा किलोच भरला तर ते रबर नाही, फोम आहे किंवा आत हवाच जास्त आहे.

तुकडा हातात घेऊन कोपरा पूर्ण दुमडा. घडीवर भेगा दिसल्या किंवा दाणे सुटले तर चिकट कमी पडलेला माल आहे. तो महिन्याभरात भुगा सोडायला लागेल आणि तो भुगा ट्रेडमिलच्या मोटारीत जाईल. अंगठ्याच्या नखाने कड खरवडून बघा. पांढरा रुमाल ओला करून जोरात घासा. थोडा काळा होणं चालतं, पण दुसऱ्या-तिसऱ्यांदा घासूनही तेवढाच काळा होत असेल तर परत ठेवा. वास प्रत्येक नव्या रबराला येतो. घरी आणल्यावर आठवडाभर सावलीत, वारा खेळेल अशा जागी पसरून ठेवा, मग आत न्या. तेवढ्याने वास गेला नाही तर खिडकी नसलेल्या खोलीसाठी ते रबर योग्य नाही.

डेडलिफ्टसाठी फळी

वजन शंभर किलोच्या पुढे गेलं, किंवा खालची फरशी फारशी भरवशाची नसली, तर आठ बाय आठ फुटांची फळी करून घ्या. गावातला सुतार ती एका दिवसात करतो. अठरा मिलिमीटर प्लायवूडच्या आठ बाय चारच्या दोन शीट शेजारी ठेवायच्या, त्यावर दोन शीट आडव्या दिशेने, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. दोन्ही थर स्क्रूने जोडायचे. तिसऱ्या थरात मधोमध एक शीट, उभं राहण्यासाठी, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट रबर, प्लेट टेकण्यासाठी. इथेही गोठ्यातली सतरा मिलिमीटरची मॅट कापून बसवली तर प्लायच्या अठराशी पातळी जवळजवळ जुळते.

प्लाय घेताना शिक्का बघा. आयएस ३०३ खालचं बीडब्ल्यूआर कोरड्या खोलीला पुरतं. ओल चढत असेल तर आयएस ७१० चं मरीन घ्या. वाळवीचा उपद्रव असलेल्या घरात खालच्या बाजूला आणि कडांना वाळवीनाशक लावून घ्या, कारण फळीखाली वर्षानुवर्षं कोणी डोकावत नाही.

खोली दहा बाय बाराची असेल तर बार बारा फुटांच्या दिशेने ठेवा. ऑलिंपिक बार २.२ मीटर, म्हणजे साधारण सव्वासात फूट लांब असतो. बारा फुटांत दोन्हीकडे जवळजवळ अडीच फूट मोकळे राहतात आणि प्लेट चढवता येते. दहा फुटांत सव्वा-दीड फूटच उरतो आणि प्लेट भिंतीच्या प्लॅस्टरला लागते.

वरचा मजला, धाबं आणि गच्ची

वरच्या मजल्यावर जिम करताना रबराआधी स्लॅबचा विचार करा. भारतीय मानक आयएस ८७५ नुसार राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो भारासाठी धरतात, व्यायामशाळेसाठी दुप्पट. घरचा स्लॅब डंबेल आणि सायकल सहज पेलतो. पण रॅक, दीडशे किलो प्लेट आणि माणूस एकाच कोपऱ्यात, त्यात वरून बार आपटणं, यासाठी तो केलेला नसतो. अवजड सामान तुळईजवळ, भिंतीकडेला ठेवा, खोलीच्या मध्यात नको, आणि बार आपटायचा व्यायाम तळमजल्यावरच करा. इंजिनियरला एकदा दाखवून घेतलेलं चांगलं. जुन्या माळवदाच्या किंवा धाब्याच्या घरात लाकडी कड्यांवर मातीचं छत असतं. त्यावर जिमचा विचारच करू नका.

सामाईक भिंतीच्या घरात पहाटे पाचचा डेडलिफ्ट शेजारच्या घरातही ऐकू जातो. आवाज कमी करायला रबराची जाडी वाढवण्यापेक्षा दोन थर जास्त उपयोगी: खाली मऊ, वर कडक. बार सोडू नका, टेकवा, हा त्याहून स्वस्त उपाय.

उघड्या गच्चीवर काळं रबर टाकू नका. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा उन्हातल्या काळ्या रबरावर हात ठेवता येत नाही. ऊन रबराला दोन-तीन वर्षांत कडक आणि ठिसूळ करतं, आणि मॅटखाली साचलेलं पाणी गच्चीचं वॉटरप्रूफिंग खराब करतं. गच्चीच वापरायची असेल तर वर पत्रा किंवा शेडनेट हवं, आणि पावसाळ्याआधी मॅट गुंडाळून आत न्यायची.

अंथरणं आणि निगा

आपल्याकडे थंडीत पारा दहाच्या खाली जातो आणि उन्हाळ्यात पंचेचाळीसवर. एवढ्या फरकात रबर हलतं. भिंतीला घट्ट भिडवून बसवलेल्या टाइल मार्चनंतर मध्यात उचलल्या जातात आणि पाय अडखळतो. म्हणून चारही भिंतींपासून एक सेंटीमीटर जागा सोडा. नवीन माल एक रात्र खोलीत पसरून ठेवा, मग कापा. कापताना पट्टीवर धरून धारदार कटरने तीन-चार वेळा हलक्या हाताने ओढा. एका दमात कापायला गेलं की कड वाकडी जाते. जड मॅटला गोंद लागत नाही. भाड्याच्या घरात तर तो लावूच नका.

रोज झाडू किंवा व्हॅक्यूम, आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं, एवढी निगा पुरते. रॉकेल, थिनर, टर्पेंटाइन रबराला फुगवतात. लोखंडी प्लेटचा गंज रबरावर डाग पाडतो, म्हणून पावसाळ्यात प्लेट पुसून उभ्या लावा.

हात आखडता असेल तर पूर्ण खोली रबराने मढवू नका. दोन गोठ्यातल्या मॅट वजनांसाठी, एक साधी मॅट आसनांसाठी, बाकीची फरशी उघडी, एवढ्यावर घरची जिम वर्षानुवर्षं चालते. बजेट तोकडं पडलं तर एक प्लेट कमी घ्या. ती पुढच्या पगाराला आणता येते. पोकळ फरशी आणि मुरणारं पाणी मात्र यंदाच दुरुस्त करून घ्या, कारण ते काम वजनं आल्यावर करायचं म्हणजे सगळी जिम उचलून अंगणात ठेवावी लागते.